कोची की मैलापूर?
एका हिवाळी प्रवासाच्या निमित्ताने

नाताळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील घराघरांतून दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक गोठ्याची आणि दुसरी सहलीची. शाळांना सुटी असते, मुंबईतील नोकरदारांच्या शिल्लक रजा वर्षअखेरीस वाया जाऊ पाहत असतात, आणि नाताळचा सोहळा पार पडला की चार-सहा दिवस कोठेतरी जाऊन यावे असे प्रत्येकास वाटते. उत्तरेकडे त्या दिवसांत धुके आणि कडाक्याची थंडी. घरातील वृद्ध आणि तान्ही मुले बरोबर असली म्हणजे पावले आपोआप दक्षिणेच्या उबदार किनाऱ्याकडे वळतात.

यंदाही तसेच झाले. धर्मग्राम परिषदेच्या सभेत सामुदायिक सहलीचा विषय निघाला आणि बऱ्याच चर्चेनंतर दोन नावे उरली. एक कोची आणि दुसरे चेन्नईतील मैलापूर. हात वर करून मते घेतली तर दोन्ही बाजू जवळजवळ समसमान. शेवटी कोणीतरी नेहमीचा तोडगा सुचवला, "फादर सांगतील ते." आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. प्रश्न वरवर पाहता सहलीचा होता. परंतु त्या आठ दिवसांत जुनी पुस्तके व टिपणे चाळताना आमच्या ध्यानात आले की, ह्या दोन शहरांतून एकाची निवड करणे म्हणजे आपल्या इतिहासाचे कोणते पान मुलांपुढे आधी उघडावयाचे, हे ठरविणे होय. त्या विचाराचा हा गोषवारा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हवामानाचा कौल

प्रथम व्यवहाराचे पाहू. उबेच्या दृष्टीने दोन्ही शहरे सारखीच. डिसेंबर-जानेवारीत चेन्नईत दुपारी सुमारे २९-३० अंश तापमान असते, तर कोचीत ते एक-दोन अंशांनी अधिकच. गरम कपड्यांचे ओझे कोठेच न्यावे लागत नाही. पण पावसाच्या बाबतीत मात्र दोन किनाऱ्यांचे स्वभाव भिन्न आहेत. कोचीचा मुख्य पाऊस आपल्याप्रमाणेच जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत पडतो आणि नाताळपर्यंत आभाळ निवळलेले असते. चेन्नईला मोठा पाऊस देतो तो ईशान्य मोसमी वारा, आणि तोही ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी चेन्नई कशी पाण्याखाली गेली, हे आपण सर्वांनी पाहिले. २०२३ च्या डिसेंबरातही चक्रीवादळाने त्या शहराला पुन्हा झोडपले. आणि २००४ साली, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबर रोजी, त्सुनामीच्या लाटा मैलापूरच्या कोळीवाड्यांत शिरल्या. ती आपत्ती पावसाची नव्हे, हे खरे. तरी त्या किनाऱ्यावर नाताळचे दिवस आठवणींनी जड झालेले असतात.

प्रवास दोन्हीकडे लांबचाच. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून केरळ आपल्याला जवळ आले आहे. वसई रोड स्थानकावर बसावे आणि कोकणचे बोगदे मोजत एर्नाकुलमला उतरावे. चेन्नईस जावयाचे तर मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे सारे दख्खन ओलांडावे लागते. तेव्हा हवा व वाट ह्यांचा कौल कोचीच्या बाजूने जातो. परंतु यात्रिकाने केवळ हवा व वाट पाहून निर्णय घ्यावयाचा असता तर यात्रा नावाची गोष्टच जगात उरली नसती.

प्रेषिताची कबर

मैलापूर हे नाव मोरांवरून पडले असे सांगतात. मलबारच्या ख्रिस्ती लोकांच्या परंपरेनुसार प्रेषित थॉमस इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरच्या बंदरात उतरले, पुढे पूर्व किनाऱ्यावर आले आणि इ. स. ७२ मध्ये मैलापूरजवळच्या टेकडीवर भाल्याच्या घावाने हुतात्मा झाले. ह्याला समकालीन लेखी पुरावा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण परंपरा मात्र जुनी आणि सलग आहे. चौथ्या शतकात संत एफ्रेम ह्यांच्या स्तोत्रांत भारतातून एडेसा नगरीत नेलेल्या प्रेषिताच्या अस्थींचा उल्लेख येतो. त्या अस्थींचा पुढील प्रवास खिओस बेटावरून इटलीतील ऑर्तोना येथवर १२५८ साली झाला, असे मानले जाते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ह्या व्हेनिसच्या प्रवाशाने त्या किनाऱ्यावरील प्रेषिताच्या कबरीचे आणि तेथे येणाऱ्या ख्रिस्ती व मुसलमान यात्रिकांचे वर्णन केले आहे. म्हणजे पोर्तुगिजांचे पहिले गलबत भारतात येण्यापूर्वी दोनशे वर्षे ती जागा यात्रेची होती.

पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे पोहोचले. त्यांनी १५२३ च्या सुमारास ती कबर उकरून पाहिली, तिच्यावर मंदिर उभारले आणि भोवती सान्तोमे नावाचे तटबंदीचे नगर वसविले. १६०६ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. परंतु त्या नगराचे वैभव टिकले नाही. १६६२ साली गोवळकोंड्याच्या सैन्याने ते घेतले, १६७२ मध्ये फ्रेंचांनी घेतले, १६७४ मध्ये ते त्यांच्याही हातून गेले आणि तट पाडले गेले. तोवर शेजारी इंग्रजांचा सेंट जॉर्ज किल्ला उभा राहून मद्रास वाढू लागले होते. आज दिसणारे उंच मनोऱ्याचे शुभ्र मंदिर १८९६ चे. १९५६ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. त्याच्या पोटात, जमिनीखाली, कबरीचे छोटे प्रार्थनास्थान आहे. तेथे उतरले की बाहेरच्या शहराचा गोंगाट बंद होतो.

तेथून काही मैलांवर संत थॉमसची टेकडी. तेथील मंदिराचा पाया खणताना १५४७ साली एक दगडी क्रूस सापडला. त्याच्या कडेने पहलवी लिपीतील अक्षरे कोरलेली आहेत. पहलवी म्हणजे पर्शियाची जुनी लिपी; पोर्तुगालशी तिचा काही संबंध नाही. अभ्यासक हा क्रूस सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा मानतात. १८ डिसेंबर १५५८ रोजी मिस्साबळी चालू असताना त्या क्रुसातून रक्तासारखे थेंब पाझरले, अशी तेथील श्रद्धा आहे आणि केरळातील सिरियन ख्रिस्ती लोक त्या दिवसाचे स्मरण आजही करतात. टेकडीवर चढण्याच्या दगडी पायऱ्या कोजा पेत्रूस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या देणगीतून झाल्या. त्याच गृहस्थाने १७२६ मध्ये अड्यार नदीवर यात्रिकांसाठी पूल बांधविला. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ह्या टेकडीवर येऊन प्रार्थना केली. हे सारे पाहिले म्हणजे मैलापूरचे आकर्षण कशात आहे ते कळते. तेथे जाणाऱ्याला, आपली श्रद्धा ह्या देशात परकी नाही, असे दगड सांगतात.

आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांचा ओढा मैलापूरकडे असण्याचे आणखी एक कारण आहे. संत थॉमसचा सण आज आपण ३ जुलै रोजी साजरा करतो. पण १९६९ मध्ये उपासना-दिनदर्शिकेत फेरबदल होण्यापूर्वी तो २१ डिसेंबरला येत असे. ज्यांचे बालपण त्या काळात गेले त्यांच्या मनात संत थॉमस हा नाताळच्या उंबरठ्यावरचा, थंडीच्या दिवसांतला संत आहे. सभेत एक ऐंशी वर्षांच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "फादर, मला बाकी काही पाहायचं नाही. त्या कबरीवर एकदा डोकं टेकवायचं आहे." त्यावर सभेत थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

नाताळच्या पूर्वसंध्येचे शहर

आता कोची. ह्या शहराचे नाते नाताळशी विलक्षण जुळलेले आहे. पेद्रू आल्व्हारिश काब्राल ह्याची गलबते कालिकतला बेबनाव झाल्यावर कोचीच्या बंदरात आली ती २४ डिसेंबर १५०० रोजी. त्यांच्यासमवेत फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. आणि बरोबर चोवीस वर्षांनी, २४ डिसेंबर १५२४ रोजी, वास्को द गामा ह्याच शहरात मरण पावला. त्याला जेथे पुरले ते आजचे सेंट फ्रान्सिस चर्च. त्याच्या अस्थी सुमारे चौदा वर्षांनी पोर्तुगालला नेल्या. येथे उरला तो त्याच्या कबरीचा दगड. आपल्या वसईचेही ह्या दिवसांशी नाते आहे, हे येथे सांगितले पाहिजे. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली करण्याचा तह केला तो २३ डिसेंबर १५३४ रोजी. नाताळच्या पूर्वसंध्येला कोची त्यांच्या वाटेत आली, आणि तिच्याही आदल्या दिवशी वसई.

सेंट फ्रान्सिस चर्चचा इतिहास हाच एक धडा आहे. पोर्तुगिजांनी आधी लाकडाचे आणि पुढे दगडाचे बांधलेले हे मंदिर १६६३ साली डचांनी शहर जिंकल्यावर प्रॉटेस्टंट झाले. पुढे इंग्रजांच्या काळात ते अँग्लिकन पंथाकडे गेले आणि आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाचे आहे. एकाच छपराखाली ख्रिस्ती उपासनेच्या तीन पद्धती नांदून गेल्या. पण एकाच वेळी नव्हे, एकीने दुसरीला बाहेर काढून. डचांनी कॅथोलिक धर्मगुरूंना शहराबाहेर घालविले. समोरच्या वायपीन बेटावरील आशामातेच्या मंदिराकडे लोकांची पावले वळली. जुने सान्ताक्रूझ कॅथेड्रल डचांनी राखले ते कोठार म्हणून. १७९५ साली शहर घेतल्यावर इंग्रजांनी ते पाडून टाकले. त्याचा एक खांब आजच्या बॅसिलिकेच्या आवारात स्मारक म्हणून उभा आहे. सध्याचे मंदिर १९०५ मध्ये अर्पण झाले. त्यातील चित्रे रंगविणारे येशूसंघीय बंधू आंतोनियो मोस्केनी त्या समारंभाच्या अवघ्या काही दिवस आधी निवर्तले. १९८४ मध्ये त्यास बॅसिलिकेचा दर्जा लाभला.

वसईच्या माणसाला कोचीत परके वाटत नाही. माड, खाडी, मासळी, किल्ल्याच्या जागी उरलेले पडके अवशेष, जुन्या घरांच्या खिडक्या, हे सारे ओळखीचे असते. वर्षाच्या शेवटच्या रात्री आपल्याकडे जसा म्हातारा जाळतात, तसा तेथे किनाऱ्यावर 'पप्पान्जी'चा भव्य पुतळा जाळतात. आमच्या तरुण मंडळींचा कोचीचा आग्रह मुख्यतः ह्याच दृश्यासाठी होता, हे आम्ही जाणून आहोत आणि त्यात काही गैरही मानीत नाही.

कोचीचे दुसरे अंग मट्टनचेरीत पाहावयास मिळते. तेथे राजवाड्याला लागूनच परदेशी यहुद्यांचे १५६८ मधील सभास्थान आहे. कोडुंगल्लूरहून छळामुळे निघालेल्या यहुद्यांना कोचीच्या हिंदू राजाने आपल्या वाड्याशेजारी जागा दिली. पोर्तुगिजांनी त्यांना सुखाने राहू दिले नाही. १६६२ साली त्या सभास्थानाची जाळपोळ झाली आणि डचांच्या आगमनानंतरच ते पुन्हा उभे राहिले. आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाला हिब्रू प्रार्थना व धर्माचार शिकविण्यासाठी ह्याच कोचीहून गुरुजन आले होते. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांचे ऋणही ह्या गल्लीत आहे.

दोराची दोन टोके

कोचीचे सर्वांत अवघड पान मात्र मट्टनचेरीच्या एका क्रुसापाशी उघडते. त्याला कूनन कुरिशू, म्हणजे वाकडा क्रूस, म्हणतात.

पोर्तुगीज येण्यापूर्वी मलबारचे थॉमस-ख्रिस्ती सिरियन भाषेत उपासना करीत आणि त्यांचे बिशप मध्यपूर्वेतून येत. आपल्याहून जुन्या अशा ह्या ख्रिस्तसभेला पोर्तुगिजांनी आपल्या साच्यात बसविण्याचा यत्न केला. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशू द मेनेझिश ह्यांनी कोचीच्या दक्षिणेस उदयम्पेरूर येथे धर्मसभा भरविली. तीत सिरियन ग्रंथ दुरुस्त करण्याचे वा जाळण्याचे हुकूम निघाले. एका समाजाची शतकानुशतकांची ग्रंथसंपदा त्यात नष्ट झाली.

पुढे १६५२ साली अहतल्ला नावाचा एक सिरियन बिशप सुरतमार्गे मैलापुरात आला. हे दोन शहरांच्या कथा एकत्र येण्याचे स्थळ आहे. मैलापुरातच येशूसंघीयांनी त्याला अडकवून ठेवले. त्याने तेथून थॉमस-ख्रिस्ती लोकांना पत्र पाठविले. त्याला गलबतातून गोव्याकडे नेत असताना गलबत कोचीस थांबले, तेव्हा हजारो लोक आपल्या बिशपास भेटावयास कोचीत जमले. पण भेट घडू दिली गेली नाही. त्याला समुद्रात बुडविले अशी वार्ता पसरली. ती खोटी होती. तो पुढे युरोपला पोहोचला व रोमच्या वाटेवर फ्रान्समध्ये मरण पावला, असे संशोधक सांगतात. पण क्षुब्ध लोकांना खरे सांगावयास कोणी गेले नाही, आणि गेले असते तरी कोणी विश्वास ठेवला नसता. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरीच्या मंदिरापुढील क्रुसापाशी जमून लोकांनी शपथ घेतली की, ह्यापुढे आम्ही येशूसंघीयांचे ऐकणार नाही. सर्वांचे हात क्रुसापर्यंत पोहोचेनात, म्हणून क्रुसाला दोर बांधले आणि लोकांनी ते हातांत धरले. दोरांच्या ताणाने क्रूस वाकला, असे परंपरा सांगते. पुढे कार्मेलाईट धर्मगुरूंच्या प्रयत्नांनी पुष्कळ लोक रोमशी पुन्हा एकरूप झाले. पण जी फूट पडली ती पूर्णपणे सांधली गेली नाही. आज केरळातील थॉमस-ख्रिस्ती अनेक सभांत विभागलेले आहेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी काही तरुणांसह आम्ही तेथे गेलो होतो. ही कथा सांगून झाल्यावर त्यांतील एकाने विचारले, "फादर, तेव्हा आपले पूर्वज कोठे होते? दोर धरणाऱ्यांत की दुसऱ्या बाजूला?" त्या क्षणी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. उत्तर मात्र आम्हांस ठाऊक होते. १६५३ मध्ये वसई पोर्तुगालच्या त्याच राजाच्या अमलाखाली आणि गोव्याच्या त्याच आर्चबिशपांच्या सावलीत होती. आमच्या किल्ल्यात त्याच येशूसंघाचे महाविद्यालय भरभराटीत होते. आपले पूर्वज त्या मंदिरांत गात होते, वाद्ये वाजवीत होते, श्रद्धेने गुडघे टेकीत होते. दोर ओढणाऱ्यांचा आक्रोश त्यांच्या कानी पडलाही नसेल. ते निरपराध होते. पण दोराच्या त्या बाजूला नव्हते.

आपण कोणाचे?

आमच्या लोकांना अधूनमधून टोमणा ऐकावा लागतो की, तुम्ही फिरंग्यांनी बाटवलेले. त्याचे उत्तर म्हणून आपण घाईघाईने प्रेषित थॉमसकडे बोट दाखवितो. ह्या उत्तरात तथ्य आहे, पण ते तपासून घेतले पाहिजे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक आणि पर्शियात अभिषिक्त झालेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक विद्वान मानतात. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. ते उतरले होते तेथील ख्रिस्ती कुटुंबांच्या आश्रयाने. त्यांचे सोबती फादर जोर्दानुस तेव्हा सोपाऱ्यात होते. त्यांनी हुतात्म्यांचे देह आणून सोपाऱ्यात पुरले. आज विरारच्या लोकलने जाताना जे नालासोपारा स्थानक लागते, तेच हे सोपारे. पुढे ओदोरिक नावाचे धर्मबंधू आले, त्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे पुढे गेले आणि जाताना मैलापूरच्या किनाऱ्यावरही थांबले. जोर्दानुस स्वतः १३२९ मध्ये क्विलॉनचे बिशप नियुक्त झाले. तेव्हा आपल्या ह्या मातीला पोर्तुगिजांच्या दोनशे वर्षे आधी ख्रिस्ताचे नाव ठाऊक होते आणि तिचे धागे मलबारशी व मैलापूरशी जोडलेले होते.

तथापि आपली आजची कुटुंबे त्या प्राचीन ख्रिस्ती लोकांची वंशज आहेत, असे दाखविणारा कागद नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांत बाप्तिस्म्याचे पाणी आले ते पोर्तुगिजांच्या काळात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, युरोपीय मठवासी निघून गेले, मठ ओस पडले. देशी धर्मगुरूंनी आणि घराघरांतील माता-आजींनी श्रद्धा राखली. ज्यांनी आणले ते गेले, ज्यांनी स्वीकारले त्यांनी सांभाळले. आपल्या इतिहासात अभिमान बाळगण्याजोगे हेच आहे. त्यासाठी उसनी वंशावळ आणावयाची गरज नाही.

झेवियरांचा हिवाळा

निवडीचा हा प्रश्न आमच्याही आधी एका थोर माणसापुढे उभा राहिला होता. १५४४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर गव्हर्नरांना भेटण्यासाठी कोचीहून उत्तरेकडे निघून आपल्या वसईस आले. जाफनाच्या राजाच्या अत्याचारांविरुद्ध दाद मागावी हा त्यांचा हेतू होता. १५४५ च्या जानेवारीत ते पुन्हा कोचीत होते. तेथून त्यांनी युरोपातील आपल्या बांधवांना पत्रे लिहिली. त्यानंतर ते नागपट्टणमला गेले. गव्हर्नरांनी कबूल केलेली मोहीम बारगळली. ज्यांच्या तलवारीवर त्यांनी भिस्त ठेवली होती त्यांना व्यापाराची काळजी अधिक होती.

पुढे कोठे जावे, हे त्यांना कळेना. परत फिरावे, की पूर्वेकडील अनोळखी बेटांकडे जावे? अशा मनःस्थितीत ते मैलापुरास गेले. तेथे सुमारे चार महिने राहून त्यांनी प्रेषिताच्या कबरीपाशी प्रार्थना केली आणि मलाक्काला जाण्याचा निश्चय केला. त्या निश्चयानेच पुढे त्यांना जपानपर्यंत नेले.

वसई, कोची, मैलापूर. हा त्यांच्या त्या प्रवासाचा क्रम होता. सत्तेच्या दारी जाऊन निराशा, मग कबरीपाशी एकांत, मग निर्णय. आम्हांला वाटते की ह्या क्रमात अर्थ आहे. मैलापूरच्या शांततेत बसण्याचा अधिकार मिळवावयाचा तर आधी कोचीच्या प्रश्नांतून जावे लागते.

आमचा निर्णय

तेव्हा सभेपुढे आम्ही असा निर्णय ठेवीत आहोत की, यंदाची कुटुंबांची सहल कोचीस जावी. हवा अनुकूल आहे, वाट सोपी आहे, मुलांना आवडेल असे पुष्कळ आहे. वायपीनला नावेने जावे, चिनी जाळी पाहावीत, म्हातारा जळताना पाहावा. पण एक सकाळ मट्टनचेरीसाठी राखून ठेवावी. यहुद्यांच्या सभास्थानात आदराने जावे, आणि त्यानंतर वाकड्या क्रुसापाशी थांबून मुलांना सारे खरे सांगावे. ग्रंथ जाळल्याचेही सांगावे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या अनुचित साधनांबद्दल आणि ख्रिस्ती ऐक्याला दिलेल्या घावांबद्दल देवाची क्षमा मागितली. परमगुरुस्वामींना जे सांगताना संकोच वाटला नाही, ते आपण आपल्या मुलांपासून का लपवावे? त्या दिवशी ते विचारतील त्या प्रश्नाला ह्या खेपेस आम्ही वेळ मारून नेणार नाही.

मैलापूरचा मोठा प्रवास पुढल्या वर्षासाठी ठेवावा, आणि तो नाताळात नव्हे, जानेवारीत पाऊस सरल्यावर.

एवढे लिहून आम्ही थांबलो होतो. पण त्या आजींचे शब्द मनातून जाईनात. इतिहासाचे धडे क्रमाने घ्यावेत, हे मुलांना सांगणे ठीक आहे. ऐंशी वर्षांच्या बाईला "पुढच्या वर्षी या" असे सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांला नाही. म्हणून जानेवारीच्या अखेरीस, ज्यांना थांबणे शक्य नाही अशा आठ-दहा वृद्धांना आणि त्यांचा हात धरणाऱ्या नातवंडांना घेऊन आम्ही स्वतः मैलापुरास जाण्याचे योजिले आहे. टेकडीवर वाहनानेही जाता येते. पायऱ्यांची चिंता नको. ज्यांच्या घरी अशी माणसे असतील त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर नावे द्यावीत. आजींचे नाव यादीत पहिले आहे.